हजेरी, पाळत आणि घराचा उंबरठा

भारतात खासगीपणाच्या हक्काची बांधणी मुख्यतः पोलिसांच्या वहीत नाव चढलेल्या माणसांच्या खटल्यांतून झाली. अमेरिकेत या हक्काची पहिली ठळक मांडणी सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या बोस्टनच्या दोन वकिलांनी डिसेंबर १८९० मध्ये एका लेखात केली. त्यांच्या डोळ्यांसमोर होते वृत्तपत्रांचे वार्ताहर आणि झटकन छायाचित्र टिपणारे नवे कॅमेरे. प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यातले चव्हाट्यावर येऊ नये, ही त्यांची काळजी. भारतीय न्यायालयांपुढे आलेल्या प्रकरणांत दिवाणखाना क्वचितच दिसतो. तिथे दिसतो मध्यरात्री दार ठोठावणारा शिपाई, गावाबाहेर जायचे तर आधी वर्दी द्यायला लावणारा चौकीदार आणि ज्याच्यावर एकही गुन्हा शाबीत झालेला नाही असा ‘संशयित’.

सभ्य घराच्या आडोशाची तजवीज इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने आधीच केली होती. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमात रूढीने मिळणाऱ्या हक्काचे उदाहरण म्हणून एक गाव दिले आहे. शेजाऱ्याच्या घरातले दिसेल अशी नवी खिडकी तिथे कोणी पाडू नये, अशी त्या गावची रूढी असेल, तर कायदा ती मानतो. हा अधिनियम मुंबई प्रांताला १८९१ मध्ये लागू झाला, पण त्याच्या आधीच मुंबई उच्च न्यायालयाने गुजरातेतील अशी रूढी मान्य केलेली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८८ मध्ये गोकुळ प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात हेच तत्त्व उचलून धरले. पडदा पाळणाऱ्या बायकांचा वावर असलेला भाग शेजाऱ्याच्या नव्या बांधकामातून दिसू लागला, तर ते बांधकाम अडवता येते, असा निकाल लागला. म्हणजे बोस्टनचा तो गाजलेला लेख छापून येण्याच्या दोन वर्षे आधी भारतातल्या एका न्यायालयाने खासगीपणाचा हक्क अंमलात आणला होता. तो हक्क मात्र घराला होता, आणि त्यासाठी आधी पडदा परवडेल असे घर लागत असे.

ज्यांना असे घर नव्हते त्यांच्यासाठी त्याच काळात दुसराच कायदा झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला एखादी जमातच्या जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला. सुरुवातीला त्याचा अंमल उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १८७६ मध्ये तो बंगालपर्यंत गेला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सर्व ब्रिटिश हिंदुस्थान त्याखाली आला. १९२४ मध्ये त्याची पुन्हा एकत्रित मांडणी झाली. जाहीर झालेल्या जमातीतील माणसांची नोंदवही तयार होई. ठरलेल्या वेळी हजेरी देणे, मुक्काम बदलला तर कळवणे, गावाबाहेर जाताना पास घेणे बंधनकारक होते. पासाशिवाय सापडलेल्या माणसाला वॉरंटाची वाट न पाहता अटक करता येई. गावच्या पाटलावर आणि पहारेकऱ्यावर या माणसांवर नजर ठेवण्याची जबाबदारी टाकलेली होती. त्यामुळे पाळत ठेवणारा बाहेरचा कोणी नसे, रोज तोंड पाहावे लागे असा गावातलाच असे. भटक्यांच्या पालाला दार नसतेच. झडतीसाठी शिपायाला ते ठोठावावेही लागत नसे.

या पाळतीचा दुसरा हात होता बोटांचे ठसे. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये एका कंत्राटदाराच्या करारावर सहीसोबत त्याच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. पुढे एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय उघडले. लंडनच्या स्कॉटलंड यार्डने ती पद्धत १९०१ मध्ये घेतली, आणि जगभर ती हेन्री यांच्याच नावाने चालली. मूळ काम करणाऱ्या दोघांची नावे बरीच वर्षे तळटिपांत राहिली. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या जमातींच्या ठशांची सक्ती केली. मदुराई जिल्ह्यातील पेरुंगामनल्लूर येथे कळ्ळर समाजाने या नोंदणीला विरोध केला, तेव्हा ३ एप्रिल १९२० रोजी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात अनेक माणसे मेली. शरीराची खूण सरकारी दप्तरी द्यायची नाही म्हणून प्राण गेल्याची भारतातील ही बहुधा पहिली ठळक घटना असावी. खासगीपणाच्या इतिहासात मात्र ती कोणी मोजत नाही.

मुंबई इलाख्यात या कायद्याचे सर्वांत ठसठशीत रूप म्हणजे सेटलमेंट. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग येथे तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. तिथल्या माणसांनी गिरण्यांत, कारखान्यांत, सरकारी कामांवर राबायचे आणि ठरल्या वेळी हजेरीला उभे राहायचे. सेटलमेंट अधिकारी स्टार्ट यांच्यासारख्यांची भूमिका सुधारकाची होती. शाळा, मजुरी आणि शिस्त यांतून माणूस ‘सुधारतो’, अशी त्यांची धारणा होती, आणि काही मुलांना तिथे अक्षरओळख झाली हेही खरे. पण घरात कोण आले, कोण गेले, रात्री कोण अंथरुणात होता, यांतले काहीच स्वतःपाशी ठेवण्याची मुभा त्या कुंपणात नव्हती. सोलापुरात सेटलमेंट हे वस्तीचे नाव अजून चालू आहे.

मुंबई सरकारने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. मात्र जातीऐवजी व्यक्तीला ‘सराईत गुन्हेगार’ ठरवणारे कायदे प्रांतोप्रांती आधीच तयार होते किंवा लवकरच झाले. मुंबई राज्याने असा कायदा १९५९ मध्ये केला. कागदावर फरक मोठा होता, कारण आता जन्म पुरेसा नव्हता, शिक्षा झालेली असावी लागे. ठाण्यातली वही बदलायला मात्र वेळ लागला. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आणि भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ या आत्मकथनांत स्वातंत्र्यानंतरचेही पोलिसांचे छापे, मारझोड आणि चोरी कुठेही झाली तरी त्याच वस्तीकडे वळणारा संशय नोंदलेला आहे. कायद्याच्या पुस्तकांत न सापडणारा पुरावा या दोन पुस्तकांत आहे.

संविधान लिहिले जात असताना घराच्या उंबरठ्याला संरक्षण द्यावे, ही कल्पना कोणाला सुचली नव्हती असे नाही. १८९५ च्या एका अनामिक घटना-मसुद्यात नागरिकाचे घर हे त्याचे अभेद्य आश्रयस्थान मानले होते. तो मसुदा लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने निघाला, असे ॲनी बेझंट यांचे मत होते. १९२८ च्या नेहरू अहवालातही कायद्याशिवाय कोणाच्या घरात शिरू नये, असे कलम आहे. मार्च १९४७ मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे ठेवलेल्या मसुद्यात घराची अभेद्यता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता हे दोन्ही हक्क होते. मुन्शी १९३७ ते १९३९ या काळात मुंबईचे गृहमंत्री होते आणि गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षही होते. पोलिसी अधिकार आतून पाहिलेल्या माणसाने हे कलम सुचवावे, याला वजन आहे. त्याच महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात अवाजवी झडती आणि जप्तीविरुद्धचा हक्क मागितला.

त्याला आडवे आले अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव. पत्रांची गुप्तता मूलभूत हक्क केली, तर दिवाणी-फौजदारी खटल्यांत पुरावा मिळवणे अवघड होईल आणि वॉरंटाशिवाय झडती घेण्याच्या पोलिसांच्या अधिकाराला बाध येईल, असा त्यांचा आक्षेप होता. कलम गळाले. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अमेरिकन राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीच्या धर्तीवर अवाजवी झडती आणि जप्तीविरुद्धची उपसूचना आणली. फौजदारी प्रक्रिया संहितेत हे आहेच, तरी विधिमंडळाला त्याला हात लावता येऊ नये म्हणून ते घटनेत घालायला हरकत नाही, अशी तयारी आंबेडकरांनी दाखवली. तरीही उपसूचना टिकली नाही. ज्यांनी इंग्रजी पोलिसांच्या झडत्या स्वतः भोगल्या होत्या, त्यांनीच झडतीविरुद्धचे कलम सोडून दिले. फाळणीच्या दंगलींच्या सावलीत राज्य दुबळे पडेल ही भीती त्यामागे असेलही. पण पुढची सत्तर वर्षे सरकारी वकील न्यायालयात सांगत राहिले की घटनाकारांनी हा हक्क जाणूनबुजून वगळला.

हा युक्तिवाद पहिल्यांदा चालला तो उद्योगपतींच्या खटल्यात. दालमिया समूहाच्या एका कंपनीतील गैरव्यवहाराच्या तपासात ३४ ठिकाणी झडत्या झाल्या. एम. पी. शर्मा विरुद्ध सतीशचंद्र या खटल्यात मार्च १९५४ मध्ये आठ न्यायमूर्तींनी सांगितले की अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखे काही आपल्या घटनेत नाही, तेव्हा ते मागच्या दाराने आणता येणार नाही. खासगीपणावरचा तो शेरा ओझरता होता, पण आठ न्यायमूर्तींचा होता. मोठ्या पीठाचा शब्द लहान पीठावर बांधील असतो, आणि तो ओझरता शब्द त्या नियमाच्या जोरावर टिकून राहिला.

खरी गाठ पडली खडकसिंग या उत्तर प्रदेशातील माणसाच्या अर्जात. १९४१ मध्ये दरोड्याच्या एका प्रकरणात त्याचे नाव आले आणि पुराव्याअभावी तो सुटला. पोलिसांनी मात्र त्याची हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळतीची नोंदपत्रिका, उघडली. उत्तर प्रदेश पोलीस विनियमांच्या २३६ व्या नियमात पाळतीचे प्रकार दिले होते. घराभोवती छुपा पहारा, रात्री घरी जाऊन खात्री करणे, वेळोवेळी चौकशा, येण्याजाण्याची आणि गैरहजेरीची चौकीदाराकडून वर्दी, आणि हे सगळे हिस्ट्रीशीटमध्ये टिपणे. शिपाई आणि चौकीदार रात्री दारावर येतात, आरडाओरडा करून झोपेतून उठवतात, कधी घरात शिरतात, आणि गावाला जायचे तर कुठे जाणार व केव्हा येणार ते सांगावे लागते, अशी त्याची तक्रार होती. दोन दशकांपूर्वी न टिकलेल्या आरोपाची ही किंमत होती. वहीतून गुन्हेगार जमातीचे नाव गेले होते, पण पास, हजेरी आणि रात्रीची खात्री या रीती जवळजवळ जशाच्या तशा शिल्लक होत्या.

१८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने रात्रीच्या भेटी रद्द केल्या. माणसाच्या झोपेत आणि घराच्या शांततेत अशी ढवळाढवळ करणे हा त्याच्या व्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला आहे, आणि पोलीस विनियम म्हणजे नुसत्या खात्याच्या सूचना, त्यांना कायद्याचा आधार नाही, असे कारण त्यांनी दिले. इथपर्यंत सारे सरळ होते. पुढच्याच टप्प्यावर त्याच निकालाने बाकीची पाळत कायम ठेवली आणि म्हटले की खासगीपणा हा आपल्या घटनेतील हक्कच नाही. रात्रीचे दार बंद केले, पण कशाच्या बळावर केले ते सांगायचे टाळले.

न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी न्यायमूर्ती शहा यांच्यासह वेगळे मत नोंदवले. ज्याच्या मागावर सतत कोणीतरी आहे तो पायांनी हिंडेल, पण कळसूत्री बाहुलीसारखा. त्याचे भेटणे, बोलणे, मनात येणे हे सगळेच त्या नजरेने आवळले जाते. म्हणून २३६ वा नियम सगळाच रद्द व्हायला हवा, असे त्यांचे म्हणणे. शरीराला झालेली अडवणूक आणि मनावर बसलेले दडपण यांतला संबंध एका भारतीय न्यायमूर्तीने इतक्या स्पष्टपणे तोवर मांडला नव्हता. मत अल्पमताचे राहिले.

१८ मार्च १९७५ च्या गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात हीच गोष्ट थोड्या बदलाने घडली. इथेही हिस्ट्रीशीट, इथेही रात्रीच्या भेटी. फरक इतकाच की मध्य प्रदेशच्या विनियमांना पोलीस कायद्याचा आधार होता. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी खासगीपणाचा हक्क आहे असे गृहीत धरले, पण तो निरपवाद नाही म्हटले. विनियम घटनाबाह्यतेच्या अगदी काठावर आहेत, ते फक्त सराईत आणि समाजाला धोकादायक माणसापुरतेच वापरावेत आणि जुने नियम सरकारने पुन्हा तपासावेत, असे सांगून त्यांनी ते वैध ठरवले. गोविंद हरला आणि हक्काने पहिले पाऊल टाकले. निकालानंतर जेमतेम तीन महिन्यांत आणीबाणी आली.

महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणांतही रात्र आणि पोलीस आहेत. नोव्हेंबर १९६५ मध्ये भिवंडीतील एक पोलीस निरीक्षक गणवेशात एका स्त्रीच्या झोपडीत शिरला आणि त्याने तिच्याकडे शरीरसंबंधाची मागणी केली. ती ओरडली, शेजारी जमले. खातेनिहाय चौकशीत तो दोषी ठरला. उच्च न्यायालयाने त्या स्त्रीच्या चारित्र्याकडे बोट दाखवून तिची साक्ष अविश्वसनीय मानली आणि त्याची बडतर्फी रद्द केली. ऑक्टोबर १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि म्हटले की लोक जिला वाईट चालीची म्हणतात तिलाही खासगीपणाचा हक्क आहे. वाटेल त्याने, वाटेल तेव्हा तिच्या घरात शिरावे असे नाही. हा निकाल मूळचा नोकरीच्या शिस्तीविषयीचा, म्हणून घटनात्मक चर्चेत त्याला कडेची जागा मिळते. तो मध्यभागी ठेवायला हवा. १८८८ च्या अलाहाबादच्या निकालात पडद्यातल्या स्त्रीला जे मिळाले होते, ते पडदा नसलेल्या स्त्रीला मिळायला शंभर वर्षे लागली.

ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकाच्या खटल्यात फाशीच्या शिक्षेतील एका कैद्याचे आत्मचरित्र छापण्यावरून वाद झाला. खासगीपणाचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात येतो, पण त्याच्या आडून सरकारी अधिकाऱ्यांना आपल्या कामाविषयीची प्रसिद्धी आधीच रोखता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले.

टेलिफोनचा इतिहास समांतर चालतो आणि त्यातली माणसे अधिक वजनदार आहेत. मुंबईच्या एका कॉरोनरने लाच मागितल्याचे बोलणे पोलिसांनी टेपवर घेतले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा मान्य केला, मात्र निरपराध नागरिकाच्या बोलण्याला न्यायालये संरक्षण देतील असेही म्हटले. टपालातील पत्रे उघडण्याचे सरकारचे अधिकार वाढवणारे विधेयक १९८६ मध्ये संसदेने मंजूर केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केलीच नाही. १९८८ मध्ये फोनवरच्या पाळतीच्या आरोपांवरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे पायउतार झाले. १८ डिसेंबर १९९६ रोजी, खडकसिंगच्या निकालाला बरोबर ३४ वर्षे झाली त्या दिवशी, पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर न्यायमूर्ती कुलदीपसिंग यांनी फोन ऐकण्यावर बंधने घातली. गृहसचिवाचाच हुकूम हवा, तो दोन महिन्यांपुरता, जास्तीत जास्त सहा महिने, आणि त्यावर आढावा समितीची नजर. या नियमांना दात आहेत हे दिसायला वेळ लागला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातील फोन ऐकण्याचे तीन हुकूम बेकायदा ठरवून रद्द केले.

२०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधार योजनेला खासगीपणाच्या मुद्द्यावर आव्हान दिले. २०१५ मध्ये महान्यायवादी मुकुल रोहतगी यांनी जुनेच दोन निकाल पुढे केले. एम. पी. शर्मा आठ न्यायमूर्तींचा, खडकसिंग सहांचा. नंतरचे सगळे निकाल लहान पीठांचे. तेव्हा हक्क आहे की नाही हेच आधी ठरवा. ऐकायला हा युक्तिवाद धक्कादायक वाटला, तरी तांत्रिकदृष्ट्या तो बिनबुडाचा नव्हता. त्यासाठी नऊ न्यायमूर्तींचे पीठ बसवावे लागले.

दरम्यान मुंबई उच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न स्वयंपाकघराच्या रूपाने आला. महाराष्ट्राच्या प्राणी संरक्षण कायद्यातील २०१५ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचे मांस नुसते जवळ असणेही गुन्हा केले होते. मे २०१६ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती गुप्ते यांनी गोवंश हत्याबंदी कायम ठेवली, पण ते कलम रद्द केले. माणूस घरात काय शिजवतो हे पाहायला राज्याला आत येता येणार नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. निकालपत्रे सहा होती, त्यांत नागपूरच्या न्यायमूर्ती शरद बोबडे यांचे एक. मुख्य निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील जबलपूर निकालही रद्दबातल ठरवला. तो देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते, म्हणून वर्तमानपत्रांत तीच गोष्ट अधिक गाजली. कायद्याच्या अंगाने पाहता त्या दिवशी खडकसिंगच्या निकालातील अंतर्विरोध दूर झाला आणि सुब्बाराव यांचे ५५ वर्षांपूर्वीचे अल्पमत स्वीकारले गेले. न्यायमूर्ती नरिमन यांनी त्या मताची गणना सर्वोच्च न्यायालयाच्या तीन थोर विरोधी मतांत केली.

हक्क मान्य झाल्याने नोंदवही बंद झाली नाही, उलट ती जाड झाली. १९२० चा कैदी ओळख कायदा जाऊन २०२२ मध्ये आलेल्या नव्या कायद्याने बोटे, तळहात आणि पाऊल यांच्या ठशांबरोबर बुबुळ, डोळ्यांचा पडदा आणि जैविक नमुने घेण्याची मुभा दिली. ती माहिती ७५ वर्षे ठेवता येते. हिस्ट्रीशीटचा प्रश्न मे २०२४ मध्ये दिल्लीच्या एका आमदाराच्या अर्जावरून पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आला, कारण त्याच्या हिस्ट्रीशीटमध्ये त्याच्या अल्पवयीन मुलांची माहितीही चढवलेली होती. मागास आणि वंचित समाजांतील निरपराध माणसांची नावे केवळ जातीविषयीच्या पूर्वग्रहाने या कागदांत घातली जातात, याची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सर्व राज्यांना आपापले नियम तपासायला सांगितले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, तुरुंगांतील जातिभेदाविरुद्ध पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवर निकाल आला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींचा कैदी आपोआप सराईत धरला जात होता. ‘सराईत गुन्हेगार’ हा शब्द यापुढे कायद्यातील व्याख्येप्रमाणेच वापरावा, जन्मावरून नव्हे, असा आदेश न्यायालयाने दिला, आणि नियमावल्या सुधारण्यासाठी राज्यांना तीन महिन्यांची मुदत घालून दिली.